तीनशे बारा नंबरचा फोटो

त्या फाल्गुनात गुणवंत मोहुर्लेला एका जागी बसवत नव्हतं. खुर्चीत टेकला की उठायचा, उठला की खिडकीशी जायचा, खिडकीतून कोळशाची मालगाडी दिसली की परत येऊन टेकायचा. पंचविशीतला पोरगा. नागभीडच्या धानाच्या बांध्यांतून उठून नागपूरला गेलेला, डॉक्टरकीच्या परीक्षेत पहिला आलेला. छातीच्या रोगांवर संशोधन कसं करायचं, याचं वर्षभराचं शिक्षण घ्यायला चांद्याला दोघं निवडले होते, त्यांतला हा एक. आता असल्या माणसाला कसली आलीय बेचैनी? पण होती. कशापायी होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे ती जास्तच चावायची.

साल सत्तावन्न. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणायचे. स्टेशनच्या रस्त्याला तेंदूच्या पानांचं एक जुनं गोदाम होतं, वर टिनाचं छप्पर, आणि त्यात हे शिक्षण चालायचं. भिंतींना चुना मारला तरी पानांचा वास गेला नव्हता. कोळशाच्या खाणीतल्या मजुरांच्या छातीचे फोटो काढायचे, धुळीने किती जण खराब झाले, क्षयाने किती, हे मोजायचं, असं काम होतं. फोटो पत्त्याच्या पानाहून लहान. काचेखाली दिवा लावून, डोळ्याला भिंग लावून बघावे लागत.

शिकवणारे डॉक्टर चिंतावार, सगळ्यांचे ‘मोठे डॉक्टर’. वय पन्नासच्या वर. तरुणपणी त्यांना स्वतःलाच क्षय झाला होता आणि एक फुप्फुस कायमचं मिटलं होतं. त्यामुळे ते चार शब्द बोलायचे, श्वास घ्यायचे, मग पुढचे चार बोलायचे. पण त्या चार-चार शब्दांत माणसाची अशी काही सालं काढायचे की विचारू नका.

त्यांचा एक नियम होता. एकच फोटो दोनदा बघायचा. पहिल्यांदा बघून लिहायचं, साफ की डाग. मग महिनाभराने पत्रू, म्हणजे फोटो काढणारा आणि जीपही चालवणारा त्यांचा माणूस, नंबरांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायचा, ज्याचे त्याचे चारशे फोटो उलटसुलट करायचा आणि पुन्हा समोर ठेवायचा. पुन्हा लिहायचं. मग पट्ट्या काढायच्या आणि दोन्ही कागद जुळवायचे. एकाच माणसाने एकाच फोटोला आधी साफ आणि नंतर डाग म्हटलं असेल, तर त्याला गोदामात ‘भांडण’ म्हणत. भांडण निघालं की त्या मजुराला परत बोलवायचं, मोठा फोटो काढायचा, थुंकी तपासायची. दोन्ही वेळा साफ आलं तर मात्र मोठे डॉक्टरही तो फोटो बघत नसत. एकट्या माणसाने हजारो फोटो बघायचे तरी किती? ज्याने वाचले त्यानेच चिठ्ठी लिहायची, ‘तुमची छाती साफ आहे’, खाली सही, आणि टपालात.

किती सरळ काम! पण पहिल्या नंबराची खोड फार वाईट असते हो. भांडण म्हणजे चूक आणि चूक म्हणजे मार्क कापले, असं गुणवंतच्या डोक्यात बसलं. वर्षाच्या शेवटी दोघांतल्या एकाला पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी मद्रासला पाठवणार होते. दुसरी होती रंभा येरगुडे, वरोऱ्याची. ती फोटो बघताना बिनधास्त मान हलवायची, “माय वो, याचं काही समजूनच नाई राह्यलं,” असं मोठ्याने म्हणायची. गुणवंतला वाटायचं, हिची भांडणं ढिगाने निघणार आणि आपली एकही नाही.

म्हणून त्याने एक वही केली.

प्रत्येक छातीला काही ना काही खूण असते. कोणाची बरगडी लहानपणी मोडून वाकडी जुळलेली. कोणाच्या खांद्यात शिकारीचा छर्रा. आणि ताईत! ही माणसं फोटोसाठी सदरा काढत, पण गळ्यातला ताईत काढ म्हटलं की हात जोडत. पत्रूने सांगून सांगून नाद सोडला होता. पहिल्या वाचनात गुणवंतने अवघड फोटोंच्या खुणा वहीत टिपल्या आणि पुढे आपण काय लिहिलं तेही टिपलं. दुसऱ्या वाचनाला वही मांडीवर. खूण दिसली की वहीत बघायचं आणि आधी लिहिलं होतं तेच पुन्हा लिहायचं. चार भांडणं त्याने मुद्दाम ठेवली, लेकराला दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावतात तशी.

सगळं गुपचूप पार पडलं असतं. पण मध्ये तो फोटो आला.

तांब्याचा चौकोनी ताईत, गळ्याच्या उजव्या हाडाखाली. वहीत होतं: नंबर तीनशे बारा, साफ. गुणवंत साफ लिहायलाच निघाला होता, आणि त्याने सहज म्हणून भिंग जरा सरकवलं. ताईताच्या कडेला एक पुसट पांढरट डाग होता. पिंजलेल्या कापसासारखा. महिन्यापूर्वी त्याला तो ताईताचाच भाग वाटला होता. आता नीट दिसत होता. ताईताला कडा होत्या, डागाला नव्हत्या.

त्याचा हात थांबला. श्वास घेताना माणूस हलला असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. फिल्म धुताना काही लागलं असेल, असंही सांगून पाहिलं. एकही गोष्ट पटेना. मग ‘डाग’ लिहायचं की नाही? लिहिलं तर भांडणं पाच होणार. पाचाने काय बिघडत होतं? काही नाही! पण पाचवं हे खरं भांडण होतं. ही माझी चूक, असं आपल्या हाताने लिहून देणं होतं, आणि ते त्याच्याने जन्मात कधी झालं नव्हतं. त्याने लिहिलं, साफ. चार दिवसांनी चिठ्ठीही लिहिली. वारलू मडावी, तालुका गडचिरोली. तुमची छाती साफ आहे. सही.

त्या दिवसापासून पायाला भिंगरी लागली.

जेवायला बसला की दोन घासांत उठायचा. पोस्टाच्या पेटीजवळून जाताना पाऊल अडखळायचं. रोज वाटायचं, आज सांगू. रोज काहीतरी निघायचं. आज मोठ्या डॉक्टरांना ताप आहे. आज बाहेरचे पाहुणे आले. आज रंभा समोर आहे. असे तीन आठवडे गेले.

“काय जी डॉक्टर,” रंभा एके दिवशी म्हणालीच, “खुर्चीले खिळे लागले का तुमच्या? बसून नाई राह्यले एका जागी.”

“काही नाही. उकडतंय.”

“फाल्गुनातच? मग वैशाखात काय आंघोळीच्या टाकीत बसान?” ती हसली आणि आपला कागद झुलवत म्हणाली, “माही भांडणं एकतीस निघाली. चारशेत एकतीस! मद्रास गेलं माह्यं. तुमची किती?”

“चार.”

रंभाचं हसू थांबलं. तिने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. “वा,” म्हणाली आणि दिव्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या डॉक्टरांनी गुणवंतला बोलावलं. टेबलावर त्याचे दोन्ही कागद होते.

“चार,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“वीस वर्षं झाली... मी फोटो पाहून राह्यलो. माझी निघतात... चारशेत बत्तीस.” श्वास. “तुझे डोळे... कोणत्या दुकानातून आणले रे बाबा?”

गुणवंतच्या कानात गरम झालं. “लक्ष देऊन पाहिले, सर.”

“अच्छा. आम्ही काय... डोळे मिटून पाह्यतो?” त्यांनी कागद उचलले, पुन्हा ठेवले. “हे बघ. एकदा साफ, एकदा डाग... ही काही लाज नाई. डोळा तसाच असते. किती चुकते ते ठाऊक झालं... म्हणजे मग त्याच्या भरवशावर काम करता येते. म्हणून मोजतो आपण. नाई तर... मोजायचं कशापायी?” पुन्हा श्वास. “मी तुले पकडू शकत नाई. पुरावा नाई माझ्याजवळ. हे चारच खरे आहेत, असं तू म्हण. मी मद्रासले... तुझं नाव लिहितो. म्हण.”

“खरे आहेत,” गुणवंत म्हणाला.

तोंडातून निघून गेलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं. गुणवंत बाहेर आला तो सरळ चालत सुटला. गावकोटाच्या जटपुरा दरवाज्यातून आत, भर उन्हात बाजारातून, लोकांना धडकत, पार पठाणपुरा दरवाज्यापर्यंत. तिथे भिंतीच्या सावलीत उभा राहिला. हवं ते मिळालं होतं की! मग छातीवर पाटा ठेवल्यागत का होत होतं? पाच-दहा मिनिटं उभा राहिला असेल, पण पायच ठरेनात. आल्या वाटेने उलटा फिरला. गोदामात शिरला तेव्हा सदरा घामाने अंगाला चिकटला होता.

“सर, तीनशे बारा,” तो दारातूनच म्हणाला. “त्यात डाग आहे. दुसऱ्या वेळी मला दिसला होता. मी साफ लिहिलं.” आणि खिशातली वही काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टर ओरडतील असं त्याला वाटलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. फिल्म शोधली, दिव्यावर ठेवली, भिंग लावलं आणि ते ताईताच्या कडेवरून सावकाश फिरवलं.

“चिठ्ठी कधी गेली?”

“तीन आठवडे झाले.”

“बाप्पा रे,” ते हळू म्हणाले. मग मान वर केली. “पत्रूले सांग... उद्या सकाळी जीप काढ. चिठ्ठी तू लिवली. तूच परत आण. मी नाई येत.” गुणवंत वळला तसं ते पुन्हा म्हणाले, “आणि हे चारशे फोटो... यांतलं तुझं एकही वाचन मी धरणार नाई. जितक्या जणांले तू साफ म्हटलं... तितके सगळे पुन्हा मी पाहीन. रंभाले सोबत घेऊन. मद्रासचं तुले सांगाले पाहिजे का?”

“नाही, सर.”

सकाळी निघाले. मूल, सावली ही गावं मागे पडली. व्याहाडजवळ वैनगंगेच्या रेतीत जीप फसली, तेव्हा पत्रू आणि गुणवंत दोघांनी खाली उतरून ढकलली. गडचिरोलीपुढे जंगल दाट झालं. मोहाची फुलं पडायला लागली होती. बाया-पोरं झाडाखाली वाकून वेचत होती आणि जीप दिसली की कंबर सरळ करून बघत होती. पत्रूचं तोंड अखंड चालू होतं, रस्ता, बिबट, साहेब लोक, सगळ्यांवर. गुणवंत मात्र मनात वाक्यं जुळवत होता. ‘थोडी शंका आली आहे.’ ‘पुन्हा एकदा तपासलेलं बरं.’ वाक्यं कशी गुळगुळीत निघत होती! सगळी बरोबर, आणि एकही खरं नाही.

दुपार कलता कलता वारलूचा टोला, म्हणजे वस्ती, लागला. दहा-बारा घरं, कुडाच्या भिंती, अंगणं शेणाने सारवलेली. पत्रूने एका म्हाताऱ्याला गोंडीत काहीतरी विचारलं. म्हाताऱ्याने बोट दाखवलं.

वारलू अंगणात बसून मोहाची फुलं चटईवर पसरत होता. तिशीचा, काटक, गालाची हाडं वर आलेली. त्याच्या मांडीत दोनेक वर्षांची पोर होती. ती एक एक फूल उचलून त्याच्या तोंडात कोंबत होती, मग तेच काढून स्वतःच्या तोंडात घालत होती. गुणवंत दारातच थांबला.

“चांद्याचे डाक्टर!” वारलू पोरीला कडेवर घेऊन उठला. चेहरा फुललेला. “सोमारी, पाय कोण आलं! चिठ्ठीवाले डाक्टर!”

त्याची बायको सोमारी आतून खाट घेऊन आली. मग पाण्याचा लोटा आणून दिला. वारलूने हात वर करून छपराच्या गवतातून बांबूची नळी ओढली आणि त्यातून घडी घातलेला कागद काढला. गुणवंतने स्वतःचं अक्षर ओळखलं.

“मास्तरकडून वाचून घेतली जी. तीनदा वाचून घेतली.” वारलूला मध्ये खोकला आला, तोंड वळवून खोकून घेतलं. “तुमाले सांगतो भाऊ, खाणीत म्यां पायलं होतं. बराकीत एक खोकलला का बाजूचा खोकलते. माहा मोठा भाऊ असाच गेला. म्हणून धान कापणीले घरी आलो तं घरात नाई शिरलो. तिकडे वावरात मांडव घातला, तिथीच राह्यलो. थंडीचे दिस, पण नाई आलो. भाकर बी दुरून ठेवाले लावली. हे पोट्टी,” त्याने पोरीची हनुवटी धरली, “इतवारी, हे धावत ये तं म्यां ढेकूळ मारून हाकलली हिले. ढेकूळ मारलं जी, पोटच्या पोरीले! रडे तिकडे उभी राहून.”

“मंग चिठ्ठी आली,” सोमारी म्हणाली. ती हसत होती. “तवापासून हे पोट्टी खालीच उतरत नाई. बापाजवळच जेवते, बापाजवळच निजते.”

गुणवंतच्या हातातला लोटा तसाच होता. जीपमध्ये जुळवलेली वाक्यं आठवेनात, आणि आठवली असती तरी कोणत्या तोंडाने म्हणणार होता? या माणसाला कोणी शिकवलं नव्हतं, याच्याकडे दिवा नव्हता, भिंग नव्हतं. तरी त्याने आपली छाती बरोबर वाचली होती. बरोबर वाचून बरोबर वागला होता. ते मोडलं कोणी?

“वारलूभाऊ,” तो म्हणाला, “पोरीला खाली ठेवा.”

“काऊन?”

“चिठ्ठी खोटी आहे. तुमच्या छातीत डाग आहे. क्षयाचाच असणार. थुंकी तपासली की पक्कं कळेल. औषध आहे, सुया आहेत, बरं होतं. पण पोरीला खाली ठेवा.”

वारलूने तिला एकदम ठेवलं नाही. आधी बायकोकडे पाहिलं. मग पोरीला सोमारीच्या हातात दिलं आणि चार पावलं मागे सरकून कुडाला टेकला. पोर दोन्ही हात पसरून त्याच्याकडे झेपावत होती.

“हा डाग,” तो म्हणाला, “तुमाले आता दिसला का?”

हो म्हणायला काय लागत होतं? मशीन जुनं आहे, फोटो लहान आहे, आता कुठे दिसला. पत्रूसुद्धा मान खाली घालून बघत होता, जणू त्यालाही तेच उत्तर हवं होतं.

“नाही,” गुणवंत म्हणाला. “चिठ्ठी लिहायच्या आधीच दिसला होता.”

“मंग साफ काऊन लिवलं?”

“पहिल्या वेळी माझ्याकडून सुटला. दुसऱ्या वेळी दिसला. पण तेव्हा डाग लिहिलं असतं, तर पहिल्या वेळी मी चुकलो होतो हे सगळ्यांना कळलं असतं. ते कळू नये म्हणून लिहिलं.”

“बस? येवढ्यापायी?”

“येवढ्यापायी.”

वारलू रागावला नाही, शिवी दिली नाही. त्याला समजतच नव्हतं, हे गुणवंतला दिसत होतं. कोणी पैशासाठी करतं, कोणी वैरापायी करतं. हे काय होतं? त्याने हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं, ती नीट घडी केली आणि कोणाच्या जवळ न येता, वाकून, अंगणात मधोमध ठेवली.

“घेऊन जा,” म्हणाला.

सोमारीचं हसू कधीच गेलं होतं. ती पोरीला घट्ट धरून पुढे आली आणि गुणवंतच्या अगदी समोर उभी राहिली. “हिची पाय,” ती म्हणाली. मानाचं ‘पाहा’सुद्धा म्हणाली नाही. “आत्ताच्या आत्ता पाय हिची छाती.”

गुणवंतने गळ्यातली नळी कानाला लावली. पोरीच्या पाठीला लावली, छातीला लावली, बगलेखाली लावली. पोर रडत होती, ती श्वास घेईपर्यंत थांबला, पुन्हा ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. हवा आत जात होती, बाहेर येत होती. कुठे घरघर नाही, काही नाही. त्याचा जीव भांड्यात पडला आणि ‘साफ’ हा शब्द थेट जिभेवर आला. देवा, किती सोपा शब्द! तो म्हटला की या बाईचा चेहरा सुटणार होता. त्यालाही आज कुठे तरी बसता आलं असतं.

“काय हाय? सांग ना!”

“आज मला काही ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “पण म्हणून काही नाही, असं मी म्हणत नाही. इतक्यात ऐकू येतही नाही. हाताला सुई टोचून बघावी लागेल. आज काही निघालं नाही तर दोन महिन्यांनी पुन्हा. फोटो काढायला चांद्याला यावं लागेल. तोवर मला ठाऊक नाही, बाई. मले खरंच ठाऊक नाई.”

सोमारी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो काही लपवतोय का, हे ती शोधत होती आणि त्याने तोंड वळवलं नाही. बऱ्याच वेळाने तिने कुडाजवळच्या नवऱ्याकडे मान केली.

“हा खरं बोलून राह्यला,” ती म्हणाली. मग पोरीला खांद्यावर टाकलं, घराचं दार ओढून घेतलं आणि जीपकडे चालायला लागली. मागच्या फळीवर बसली, पोरीचं तोंड पदराने पुसलं. “तू पुढं बस, डायवरजवळ,” ती वारलूला म्हणाली. “आमच्याजवळ नोको बसू.”